तार + जबड्याची सर्जरी: दहा वर्षांनी चावा (वरच्या-खालच्या दातांची जुळणी) कुठं असतो?

सेलूचा_दंतवैद्य

मंडळी, सेलूत जनरल प्रॅक्टिस आहे. सर्जरीसाठी पुढे पाठवाव्या लागतील अशा दोन केसेस सध्या हातात आहेत आणि दोन्ही घरचे एकच विचारायलेत: "एवढं सगळं करून पुन्हा पहिल्यासारखं तर नाही ना होणार?"

पहिला मुलगा, वय १८. खालचा जबडा पुढे. रिव्हर्स ओव्हरजेट (खालचे समोरचे दात वरच्यांच्या पुढे) ७ मिमी, एसएनए (कवटीच्या तळाशी वरच्या जबड्याचा कोन) ७८, एसएनबी (तसाच खालच्याचा) ८३. वरचे समोरचे दात पुढे झुकलेले, खालचे आत कलंडलेले. क्राउडिंग (दातांची दाटी) फारसं नाही. बारावीची परीक्षा झाली की सुट्टीत "उरकून टाका" असा घरच्यांचा आग्रह.

दुसरी मुलगी, वय २४. खालचा जबडा मागे, ओव्हरजेट (वरचे समोरचे दात खालच्यांच्या पुढे) ९ मिमी, समोर ४ मिमी ओपन बाइट (दात मिटले तरी समोर फट), मँडिब्युलर प्लेन, म्हणजे खालच्या जबड्याची खालची कड, चांगलाच खडा (कवटीच्या तळाशी त्याचा कोन, एसएन-गोनियन-नेथियन, ४४ अंश). डाव्या सांध्यात कट्ट आवाज येतो, दुखत नाही. इथं घाई लग्नाची. सर्जरी आधी आणि तार नंतर, असं मोबाइलवर बघून आलेत.

मला हवंय ते एवढंच: कोणती हालचाल टिकते आणि कोणती नाही, पेशंट माझ्याकडे परत आल्यावर वर्षानुवर्षं मी नेमकं काय तपासायचं, आणि घरच्यांना कोणता आकडा सांगितला तर तो खोटा ठरणार नाही. पुस्तकातल्या व्याख्या नकोत.

---

वक्रदंत_नांदेड

सर, प्रश्न एक असला तरी उत्तरं तीन आहेत, कारण चावा तीन वेगळ्या काळांत तीन वेगळ्या कारणांनी हलतो. पहिलं वर्ष हाडाचं आणि स्नायूंचं: कापलेले तुकडे जुळता जुळता किती सरकले. दुसऱ्यापासून साधारण पाचव्या वर्षापर्यंत सांध्याचं: काँडाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं डोकं) झिजून आखूड झाला का. त्यापुढे दातांचं: रिटेनर (तार निघाल्यावर दात धरून ठेवणारं साधन), जीभ, हिरड्या आणि मुलांमध्ये उरलीसुरली वाढ. "रीलॅप्स झाला" (चावा पुन्हा मागे गेला) एवढंच लिहून पाठवलेल्या केसमध्ये यातलं काय झालं ते कळत नाही, आणि इलाज तर तिन्हीचे वेगळे.

हालचालींची सगळ्यात कामाची उतरंड अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून आली. प्रॉफिट, टर्वी आणि फिलिप्स यांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि २००७ मध्ये रिजिड फिक्सेशनच्या (प्लेट-स्क्रूनं हाड घट्ट बांधलेल्या) केसेस आणि पाच वर्षांपर्यंतच्या नोंदी घेऊन वाढवली. त्यांचं माप साधं आहे: २ मिमीच्या आतला बदल सोडून द्यायचा, २ ते ४ मिमीचा बहुधा दात हलवून सावरता येतो, ४ च्या वर गेला तर दातांच्या हातात काही राहत नाही.

सगळ्यात वर काय? वरचा जबडा वर उचलणं, चेहऱ्याची उंची कमी किंवा नेहमीची असताना खालचा जबडा १० मिमीच्या आत पुढे आणणं, आणि हनुवटी सरकवणं. यात ९० टक्क्यांहून जास्त पेशंट २ मिमीच्या आत राहतात. त्याखाली वरचा जबडा पुढे आणणं: सुमारे ८० टक्के २ मिमीच्या आत, उरलेले २ ते ४ मध्ये, ४ च्या वर जवळपास कोणी नाही. मग दोन्ही जबड्यांच्या जोडहालचाली. त्या प्लेट-स्क्रूमुळेच टिकतात, नुसत्या वायरिंगवर टिकत नसत. तळाला तीन: फक्त खालचा मागे ढकलणं, वरचा खाली उतरवणं, वरचा रुंद करणं. इथं ४० ते ५० टक्के पेशंटमध्ये २ ते ४ मिमी बदल होतो आणि त्याहून जास्त होण्याची शक्यताही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

आता तुमचा मुलगा. एएनबी (एसएनए वजा एसएनबी) उणे ५, पण त्यात वरच्या जबड्याचाही वाटा आहे, एसएनए ७८ आहे. सगळं माप खालच्याच जबड्यातून काढायचं म्हणजे आपण होऊन उतरंडीच्या तळाची हालचाल निवडणं. वरचा ४-५ मिमी पुढे आणि उरलेलं खालच्यातून मागे, ही वाटणी जास्त टिकते. शिवाय खालचा जबडा खूप मागे नेला की जिभेची आणि घशाची जागा कमी होते.

पण ते ७ मिमी हे खरं माप नाहीच. निसर्गानं दात तिरके करून तूट झाकलेली आहे. वरचे सरळ केले आणि खालचे बाहेर आणले की रिव्हर्स ओव्हरजेट १० किंवा ११ होईल. हेच डीकॉम्पेन्सेशन. वरच्या दातांना मागे यायला जागा नसेल तर वरचे पहिले प्रीमोलर (सुळ्याच्या मागचे दात) काढावे लागतात. क्लास टूमध्ये (खालचा जबडा मागे) उलट, खालचे. कॅमफ्लाजची (जबडा न हलवता दातांनीच तूट झाकायची) सवय असलेला हात इथं चुकीचे दात काढून बसतो आणि मग सर्जनला हलवायला जागाच उरत नाही. डीकॉम्पेन्सेशन अर्धवट राहिलं तर टेबलावर चावा छान बसतो, हनुवटी मात्र पुढेच राहते. लोक त्याला नंतर रीलॅप्स म्हणतात. तो रीलॅप्स नसतो, जबडा तेवढा हललेलाच नसतो. मात्र खालच्या समोरच्या दातांपुढचं हाड आणि हिरडी पातळ असेल तर पुढे आणताना हिरडी उतरते. आधी पिरिओकडे (हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे) दाखवा, गरज पडली तर ग्राफ्ट (हिरडीचा तुकडा लावणं) आधी.

घरच्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून लिहून ठेवा: सर्जरीच्या आधीचे १२ ते १८ महिने तोंड आणखी वाईट दिसत जाणार आहे. हे न सांगितल्यामुळे मधेच तार काढून घेणारे थोडे नाहीत.

बारावीची सुट्टी हे वाढ थांबल्याचं लक्षण नव्हे. क्लास थ्री (खालचा जबडा पुढे) मुलांत खालचा जबडा २०-२१ पर्यंतही रेंगाळत वाढतो. किमान सहा महिन्यांच्या, जमलं तर वर्षाच्या अंतरानं दोन लॅटरल सेफ (डोक्याचे बाजूनं काढलेले एक्स-रे), एकावर एक ठेवून बदल शून्य दिसला पाहिजे. हनुवटी एका बाजूला सरकत असेल तर टेक्नेशियम बोन स्कॅन (हाड कुठं वाढतंय ते दाखवणारा): दोन काँडाइलमधली वाटणी ५५-४५ च्या पलीकडे गेली तर एका बाजूची वाढ चालू आहे असं धरतात. वाढ चालू असताना केलेली सर्जरी बिघडत नाही, वाढ तिला मागे टाकून पुढे जाते. आधीच्या तारेला वर्ष-दीड वर्ष लागतंच, तेवढ्यात दोन्ही सेफ होऊन जातात. म्हणजे घाईनं तसाही फायदा नाही.

मुलीची केस जास्त अवघड आहे आणि तिथं तारेचीच चूक पुढे महागात पडते. ओपन बाइट असताना एकसलग वायर टाकली तर समोरचे दात खाली ओढले जाऊन चावा "मिटतो". तार निघाल्यावर ते दात पुन्हा आत जातात आणि दोष सर्जनच्या माथी येतो. म्हणून वरची कमान (दातांची रांग) तुकड्यांत बांधायची, समोरचे चार-सहा दात वेगळे, मागचे वेगळे, आणि उंचीतली पायरी सर्जनला मिटवू द्यायची. याच्या उलट बुटक्या चेहऱ्याच्या डीप बाइट क्लास टूमध्ये खालची कमान सर्जरीआधी सपाट करू नये. तीन ठिकाणी टेकणारा चावा घेऊन जबडा पुढे आणला की चेहऱ्याची उंची वाढते, आणि मधले दात नंतर इलॅस्टिकनं भराभर वर येतात.

शेवटचं तांत्रिक: ब्रॅकेटचा स्लॉट (वायरची खाच) ०.०२२ इंच असेल तर ०.०१९ × ०.०२५ स्टील वायर, हुक लावून, आणि स्प्लिंटचं (ऑपरेशनमध्ये चावा जुळवायच्या साच्याचं) माप घेण्याआधी किमान ४ आठवडे वायर पूर्ण शांत. वायर अजून काम करत असताना माप घेतलं तर ऑपरेशनच्या दिवशी स्प्लिंट दातांवर बसत नाही, आणि त्या घटकेला सगळं प्लॅनिंग वाया.

---

मॅक्सिलो_लातूर

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत. टेबलावरच्या कोणत्या गोष्टी पुढची वर्षं ठरवतात ते सांगतो, म्हणजे डिस्चार्ज समरी वाचताना काय शोधायचं ते कळेल.

बीएसएसओमध्ये (खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून हलवण्यात) सगळा खेळ काँडाइल खळगीत नीट बसवण्याचा. पेशंट उताणा, स्नायू सैल केलेले, अशात काँडाइल खाली घसरलेल्या जागी स्क्रू बसले तर टेबलावर चावा अचूक दिसतो आणि स्नायू शुद्धीवर आले की जबडा मागे जातो, समोरचा चावा उघडतो. म्हणून फिक्सेशन झाल्यावर वायर सोडून, हनुवटी हलकेच वर-मागे दाबून चावा स्प्लिंटमध्ये आपोआप बसतो का हे पाहायचं. नाही बसला तर स्क्रू काढून पुन्हा. हा बदल काही दिवसांत दिसतो, महिन्यांत नव्हे. इलॅस्टिकनं ओढून झाकण्यापेक्षा पहिल्या काही दिवसांत पुन्हा टेबलावर घेणं बरं. झाकलेलं दात तिरके करून झाकलेलं असतं, ते वर्षभरानं उघडं पडतं.

सेटबॅकमध्ये (खालचा जबडा मागे नेताना) वेगळी चूक होते. दातांचा तुकडा मागे नेताना मागचा तुकडा, म्हणजे रेमस, त्याच्यासोबत मागे ढकलला जातो. चावण्याचे स्नायू रेमसला जुन्या कोनात परत आणतात आणि हनुवटी पुढे येते. सेटबॅक अस्थिर म्हणून बदनाम आहे त्याचं मोठं कारण हे. सर्जरीआधीच्या आणि नंतरच्या सेफमध्ये रेमसचा कोन मोजून बघा. तो बदललेला नसेल तर अर्धी काळजी मिटली.

ले फोर्ट वनमध्ये (वरचा जबडा आडवा कापून हलवण्यात) वरचा जबडा मागून उचलायचा असेल तर त्याच्या मागच्या टोकाशी, ट्युबरॉसिटी आणि टेरिगॉइड प्लेटपाशी अडणारं हाड पूर्ण काढावं लागतं. ते राहिलं की दोन्ही जबडे बांधताना काँडाइल खाली ओढला जातो, आणि सोडल्यावर पुन्हा समोरून ओपन बाइट. फिक्सेशन म्हणाल तर वर चार प्लेट, नाकाच्या कडेला दोन आणि गालाच्या खांबाला दोन. खाली दर बाजूला एक २.० मिमी मिनीप्लेट चार स्क्रूंसह, किंवा तीन आरपार स्क्रू.

मुलीबद्दल. खडा प्लेन, मागे असलेला जबडा, तरुण वयातली स्त्री, सांध्यात आवाज. काँडाइल झिजण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यांचं हे जवळपास पूर्ण वर्णन आहे. अशा पेशंटचा जबडा १० मिमी पुढे ओढून वर फिरवला तर सांध्यावर सतत दाब येतो, आणि पहिल्या दोन वर्षांत काँडाइल आखूड होत जाऊन चावा हळूहळू उघडतो. प्लेट जागेवर, हाड जुळलेलं, आणि जबडा मागे. बीएसएसओनं पुढे आणलेल्या जबड्यांच्या अभ्यासांचा आढावा जॉस आणि वासाली यांनी २००९ मध्ये घेतला. आरपार स्क्रूच्या केसेसमध्ये लांबच्या काळातला रीलॅप्स अभ्यासागणिक २ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत होता. एवढी तफावत प्लेट-स्क्रूच्या जातीनं होत नाही, पेशंट कोण निवडला यानं होते. ६-७ मिमी किंवा त्याहून जास्त पुढे आणलं की धोका वाढतो, हेही त्यात आहे.

म्हणून हिच्यात आधी सांधा. सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन), जुने ओपीजी (पूर्ण जबड्याचे एक्स-रे) मिळाले तर त्यांच्याशी तुलना, सकाळी बोटं आखडतात का विचारा, संधिवातासाठी रक्ताच्या तपासण्या: आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर. सहा ते बारा महिने चावा आणि काँडाइलचा आकार बदललेला नाही हे पक्कं झाल्याशिवाय तारीख नाही. मग ले फोर्ट वननं मागचा भाग उचलायचा. मागे १ मिमी उचललं की समोर साधारण २ ते ३ मिमी मिटतं, आणि खालचा जबडा आपोआप फिरून पुढे येतो. उरलेली तूट छोट्या बीएसएसओनं किंवा नुसत्या जिनिओप्लास्टीनं (हनुवटी सरकवून). म्हणजे उतरंडीत वरच्या दोन हालचाली वापरायच्या, मोठी ॲडव्हान्समेंट (खालचा जबडा पुढे आणणं) टाळायची.

अक्कलदाढांबद्दल: बीएसएसओच्या चिऱ्याच्या वाटेतच त्या असतात. मी सर्जरीच्या किमान सहा महिने आधी काढून घ्यायला सांगतो, हाड भरून येतं आणि आडवातिडवा तुकडा पडण्याची भीती कमी होते. काही सर्जन त्याच वेळी काढतात, तेही चालतं. पण तीन आठवडे आधी काढून पाठवू नका, तो सगळ्यात वाईट मुहूर्त.

---

सेलूचा_दंतवैद्य

मॅडम, सर, दोघांचे आभार. दोन उपप्रश्न. मुलीसाठी सर्जरी-फर्स्ट अजिबातच नाही का? आणि बधिरपणाबद्दल काय सांगू? कारण आधी कोणीतरी त्यांना "महिन्याभरात जातो" असं सांगून ठेवलंय.

---

वक्रदंत_नांदेड

सर्जरी-फर्स्ट खोटं नाही. जपानमध्ये सेंदाईच्या नागासाका आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये क्लास थ्रीची अशी केस मांडली तेव्हापासून ते रुळलंय. हाड कापल्यावर काही महिने दात लवकर हलतात, त्याचा फायदा मिळतो. पण त्यासाठी क्राउडिंग कमी, कमान बऱ्यापैकी सपाट, दोन्ही कमानींची रुंदी जुळणारी आणि सर्जरीनंतर निदान तीन दात टेकणारा चावा लागतो. तो मुलगा एक वेळ बसेल, वाढ थांबल्यावर. मुलीच्या केसमध्ये सांध्याचा निकाल लागायचाय, म्हणून नको. लग्नाच्या फोटोसाठी काँडाइल पणाला लावू नये असं माझं स्पष्ट मत.

---

मॅक्सिलो_लातूर

बधिरपणा. बीएसएसओनंतर खालचा ओठ आणि हनुवटी पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांची बधिर असते. बहुतेकांची जाणीव सहा महिने ते वर्षभरात परत येत जाते, आधी मुंग्या, मग चटका लागल्यासारखं, मग स्पर्श. वर्षानंतर जे राहिलं ते बरचसं कायमचं धरायचं. काहींमध्ये छोटा पट्टा कायम वेगळा लागतो, आणि वय चाळिशीच्या पुढे असेल तर हे प्रमाण नक्की वाढतं. "महिन्याभरात जातो" हे वाक्य खोडून टाका. "एक वर्ष वाट पाहू, थोडं कायम राहू शकतं" असं लिहून सही घ्या. ओठ मात्र हलतो. हलवणारी नस वेगळी, वाकडा होईल ही भीती काढून टाका.

तुमच्या खुर्चीवर तपासायला काही महागडं लागत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं स्पर्श, मग दोन टोकांचा कंपास, किती अंतरावर दोन टोकं वेगळी कळतात. बधिर भागाची कड पेननं आखून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तीच तुलना. आणि पेशंटला सांगायचं ते व्यवहारातलं: चहा बशीत ओतून, बोट लावून मग प्या. ओठाला चटका कळतच नाही आणि फोड आल्यावर धावत येतात.

वरच्या सर्जरीत गाल आणि हिरड्या बधिर होतात, त्या बहुतेक परत येतात. नाकाचा तळ थोडा रुंद होतो. टाका घालून आवळतात, तरी थोडा फरक राहतो, आधीच सांगावं. प्लेट टायटॅनियमच्या असतात आणि त्रास नसेल तर आत राहू देतात. हाताला लागणं, पू होणं किंवा थंडीत ठणकणं या तक्रारी असतील तर काढायच्या, हाड जुळल्यावर.

---

भूलतज्ज्ञ_बीड

मधे बोलतो, कारण फाइल माझ्याकडे आली की हे दोन मुद्दे कोऱ्या जागा असतात.

पहिला: तोंड किती उघडतं. वरच्या आणि खालच्या दाताच्या कडेपासून कडेपर्यंत मिमीमध्ये लिहा. "तीन बोटं" लिहू नका, बोटं सगळ्यांची सारखी नसतात. आपल्याकडे १८-२० च्या पोरांत गुटखा आणि मावा इतका आहे की सबम्युकस फायब्रोसिस (गालाचा आतला थर कडक होऊन तोंड कमी उघडणं) शोधूनच काढावा लागतो. गालाच्या आतून बोट फिरवा, दोरीसारखे पट्टे लागतात. ३५ च्या खाली असेल तर मला आधी कळवा. नाकातून नळी टाकावी लागते, त्यात अशा तोंडाला दुर्बिणीची तयारी लागते. आणि सर्जनलाही आत रेमसपर्यंत हत्यार न्यायचंय. वरून जखम भरायला उशीर, व्यायामाला तोंड उघडत नाही, म्हणजे निकालही आखूड. ज्या बायका मिश्री लावतात त्यांच्या हिरड्यांची अवस्था पाहून तार कितपत पेलवेल हे आधी ठरवा. घरात "तंबाखू नाही" म्हणतात, मिश्रीला त्या तंबाखू धरत नाहीत.

दुसरा: घोरणं. ज्या मुलाचा खालचा जबडा मागे न्यायचाय त्याला घोरतो का, दिवसा डुलक्या येतात का, मान जाड आहे का, एवढं विचारा. उत्तर हो असेल तर स्लीप स्टडी सर्जरीच्या आधी. आज अठरा वर्षांचा सडपातळ पोरगा पस्तिशीत वजन वाढवून येतो तेव्हा ती अरुंद केलेली घशाची वाट आठवते. वर वक्रदंत मॅडमनी वाटणीचं म्हटलंय ते माझ्या बाजूनंही बरोबर आहे.

---

सेफ_ट्रेसिंग

दीर्घकाळच्या नोंदी कशा ठेवायच्या यावर. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात असो की खाजगीत, सर्जरीनंतरचा सेफ बहुतेक ठिकाणी निघतो, पण वर्षानंतरचा पेशंट येतच नाही. आला तर हिंगोली-परभणीत मिळेल त्या मशीनवर काढलेली फिल्म घेऊन येतो. आणि इथंच अर्धे "रीलॅप्स" जन्माला येतात.

वेगवेगळ्या मशीनचं मॅग्निफिकेशन वेगळं. मोठ्या मापावर काही टक्क्यांचा फरकही २-३ मिमी होतो, म्हणजे खोटा रीलॅप्स. फिल्मवर पट्टी दिसत असेल तरच माप घ्या, नाहीतर आधी सेला ते नेझियन (कवटीच्या तळावरचे दोन स्थिर बिंदू) अंतर दोन्ही फिल्मवर मोजा. मोठ्या माणसात ते बदलत नाही, बदललेलं दिसलं तर दोष मशीनचा. ट्रेसिंग एकावर एक ठेवताना कवटीच्या पुढच्या तळावर ठेवा, जबड्यावर नव्हे. आडव्या रेषेसाठी एसएनच्या (सेला-नेझियन रेषेच्या) ७ अंश खाली काढलेली रेघ पुरते.

वेळा अशा: सर्जरीच्या अगदी आधी, नंतरच्या पहिल्या आठवड्यात, सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. पहिल्या आठवड्यातला चुकला तर पुढचे सगळे व्यर्थ, कारण जबडा मुळात कुठं ठेवला होता तेच कळत नाही. स्प्लिंट तोंडात असताना काढला असेल तर तसं लिहा, त्यात जबडा किंचित उघडा असतो.

दुसरी फसवणूक सवयीच्या चाव्याची. जबडा मागे गेलेला असतो आणि पेशंट तो पुढे सरकवून दात जुळवून दाखवतो, खुर्चीवर सगळं छान. जीभ टाळूला मागे लावायला सांगून, हनुवटी सैल करून, पहिला दात कुठं टेकतो ते बघा. तिथून पूर्ण मिटेपर्यंत २ मिमीपेक्षा जास्त सरकत असेल तर सेफ काढायची वेळ झाली.

ओव्हरजेट ठीक आहे म्हणून जबडा ठीक आहे असं धरू नका. काँडाइल आखूड झाल्यावर खालचे समोरचे दात पुढे झुकून तूट झाकतात, म्हणून ओव्हरजेट उशिरा बिघडतो. आधी बघायचं ते मँडिब्युलर प्लेनचा कोन आणि खालच्या दातांचा कल. दोन्ही वाढत असतील तर सांध्याचा सीबीसीटी. आणि झीज चालू असताना "परत सर्जरी करून टाकू" म्हणणाऱ्याला थांबवा. झीज थांबून निदान वर्ष गेलं पाहिजे.

---

वक्रदंत_नांदेड

सर्जरीनंतरचं तारेचं वेळापत्रक राहिलं होतं, तुम्हाला फोन येतील म्हणून देते. इलॅस्टिक हलकी: पहिले ४ आठवडे चोवीस तास, जेवतानाही. पुढचे ४ आठवडे जेवण सोडून. त्यापुढचे ४ फक्त रात्री. सर्जन परवानगी देईपर्यंत जाड वायर आणि स्प्लिंट हलवायचं नाही. दोन्ही एकाच भेटीत काढायचे आणि लगेच हलकी वायर घालायची. स्प्लिंट काढून जाड वायर तशीच ठेवली तर दात बसायला वाट मिळत नाही, आणि पेशंट मिळेल त्या जागी चावा शोधतो. एकूण अजून सहाएक महिने.

जेवण: पहिले दोन आठवडे पातळ, ज्वारीची आंबील, पेज, गाळलेलं वरण, ताक, दूध. मग सहा ते आठ आठवड्यांपर्यंत चमच्यानं दाबलं की मोडेल असंच. भाकरी दुधात कुस्करून चालेल. कडक कडा, शेंगदाणे, फुटाणे, हुरडा नाही. हुरडा लोकांना मऊ वाटतो पण दाणे भरपूर चावावे लागतात.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे, बाहेरच्या पुस्तकात ती एका ओळीत उरकतात. किनवट पट्ट्यात आणि इतरही काही तालुक्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिसच्या दातांवर ब्रॅकेट धरत नाही. नेहमीच्या ३० सेकंद एचिंगवर (ब्रॅकेट चिकटावं म्हणून दात ॲसिडनं खरखरीत करणं) थांबू नका. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची वेळ वाढवा, वरचा कडक थर हलकाच घासून घ्या, दाढांना बँड घाला. साधी ऑर्थो केस असेल तर एक ब्रॅकेट सुटलं की पुढच्या महिन्यात लावता येतं. सर्जरीच्या केसमध्ये टेबलावर ब्रॅकेट सुटलं तर जबडे बांधायचे कशाला, म्हणून सर्जरीच्या आदल्या भेटीत प्रत्येक ब्रॅकेट ओढून तपासायचं. सुटलेलं ब्रॅकेट घशाकडेही जाऊ शकतं.

रिटेनर: खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मागून चिकटवलेली पीळदार वायर, वर रात्रीचा पारदर्शक किंवा हॉली (तार आणि टाळूपट्टीचा, काढता येणारा). रुंद केलेली वरची कमान असेल तर हॉलीच द्या, पारदर्शक रिटेनर रुंदी धरून ठेवायला कमी पडतो. पारदर्शक असेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका आणि गरम पाण्यानं धुऊ नका, वाकतो. वाकलेला रिटेनर रोज घातला तर तो दात हलवणारं उपकरण होतो. मागची वायर एका बाजूनं सुटली तर पेशंटला कळत नाही, दर सहा महिन्यांनी प्रोबनं प्रत्येक दाताजवळ टोचून बघणं हे तुमच्याकडचं काम.

घरच्यांना सांगायचा आकडा विचारला होता. मुलाच्या घरी: वाढ थांबल्यावर आणि दोन्ही जबड्यांत वाटून केलं तर बहुतेकांत २ मिमीच्या आत, थोड्यांत २ ते ४, तो बदल दिसला तरी बहुधा सर्जरीशिवाय सावरता येतो. मुलीच्या घरी टक्केवारी सांगूच नका. सांधा स्थिर निघाला तर निकाल चांगला, नाही निघाला तर थांबायचं, एवढंच.

---

सेलूचा_दंतवैद्य

पुष्कळ झालं. शेवटचा एक प्रश्न: तुमच्याकडून सुट्टी होऊन पेशंट इथं आल्यावर कोणत्या गोष्टीला दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही?

---

मॅक्सिलो_लातूर

चार. नाकातून किंवा तोंडातून ताजं लाल रक्त, विशेषतः ले फोर्टनंतर पहिल्या दोन आठवड्यांत. थांबलं तरी पाठवा, मागची रक्तवाहिनी थांबून पुन्हा फुटते. श्वास लागणं किंवा गिळता न येणारी वाढती सूज. ताप आणि जबड्याच्या कोपऱ्याला एकाच बाजूची नव्यानं आलेली सूज. आणि चावा अचानक बदलणं: काल समोरचे दात टेकत होते, आज फक्त मागच्या दाढा टेकतात. चौथ्याला पेशंट स्वतः घाबरत नाही, दुखत नसतं, "इलॅस्टिक ढिली झाली असेल" म्हणतो. इलॅस्टिक बदलून देऊ नका. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, ओपीजी काढा आणि सर्जनला त्याच दिवशी फोन लावा. रात्र असेल तरी.